गिरीजच्या वाडीत न शिजलेली डाळ

सगळ्यात आधी रोझलिन टीचरांचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्यांनी मला आठवडाभर स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, स्कूटरच्या मागे बसवून आसपासची गावं दाखवली, आपल्या सासऱ्यांचं तोंड सुकेळ्यानं बंद केलं आणि एका शनिवारी माझ्या हातून बिघडलेली डाळ फेकू दिली नाही. यातलं एक जरी राहिलं असतं तरी मी आज हे लिहायला बसले नसते. सुकेळं म्हणजे काय आणि डाळीचं काय झालं, ते पुढे येईलच.

मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे गावोगाव बोड्या असतात (बोडी म्हणजे शेताला पाणी पुरवणारं लहान तळं). आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि घरी माझ्यापाठची भावंडं होती. नंतर गावात एका लहानशा संस्थेचं काम सुरू झालं आणि मी त्यात शिरले. काम असं, की मुलांना विज्ञान किती कळतं ते छापील पेपरावरून पाहायचं नाही, तर त्यांच्या भोवतीच्या पाण्यावरून, मातीवरून, झाडांवरून आणि माशांवरून पाहायचं. धड्यातलं वाक्य पाठ आहे का, याला महत्त्व नाही. मूल कारण शोधतं का, ते तपासून बघतं का, चुकलं तर मत बदलतं का, हे बघायचं. आमच्या गावात मला ते जमत गेलं. मग संस्थेच्या अनुराधा मॅडम म्हणाल्या, "तुझ्या गावात तुला जमतं, कारण ते तुझं गाव आहे सुषमा. परक्या गावात जमवून दाखव. जमलं तर हे काम कायमचं तुझं. नाही तर आपण सगळीकडे छापील पेपरच घेऊ, दुसरा इलाज नाही."

परकं गाव ठरलं ते थेट समुद्राकाठचं, वसईजवळचं गिरीज. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आईनं बांधावरच्या तुरीची डाळ पुरचुंडीत बांधून दिली. म्हणाली, "जिथं राहशील तिथं एक डाव रांधून घालजो." मी हो म्हटलं आणि ती पुरचुंडी सांभाळत वसईला उतरले.

स्टेशनाबाहेर बस मिळाली. कंडक्टरला विचारलं, "गिरीज आलं की सांगाल का जी?"

तो म्हणाला, "सांगतो जी," आणि पुढच्या बाकावरच्या दोन बायका पदराआड हसल्या. पण त्यातल्याच एकीनं नंतर मला खिडकीकडे सरकवलं. म्हणाली, "पहिल्यांदा आलीस ना? मग बघ बाहेर."

बाहेर आधी नुसत्या इमारती होत्या, दुकानांच्या पाट्या होत्या. वाटलं, इथली मुलं कुठली झाडं ओळखणार! मग बस एका वळणावर वळली आणि दोन्ही बाजूंनी हिरवं आत आलं. केळी, नारळ, भाजीचे वाफे, मध्येच पांढरा क्रूस, मध्येच तुळशीवृंदावन. कंडक्टरनं हाक दिली, "गिरीजवाले जी!" सगळी बस हसली, मीही हसले.

रोझलिन टीचर गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतात. घर वाडीतच, वाडी म्हणजे इथली घराभोवतीची बाग. त्यांचे सासरे पास्कल आजोबा ओट्यावर बसून केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) साफ करत होते. मी पाया पडले तर म्हणाले, "अगं, आधी पानी पी." पिशवी ठेवली आणि मागच्या दारी गेले तर समोर पाणी! चौकोनी, काठावर माडांची सावली, वर एक खंड्या.

"टीचर, ही तर आमची बोडी!"

"बोडी?" आजोबा मागून म्हणाले. "हे बावखल. वाडीतलं गोड्या पान्याचं तळं. तुमच्याकडं याला बोडी म्हणतात? मग तू लांबची कशी?"

त्या एका वाक्यानं परकं गाव जरा जवळ आलं. पण काम सुरू झालं तसं ते पुन्हा लांब गेलं.

पहिले दोन दिवस मी शाळेत मुलांना एकेकाला बोलावून प्रश्न विचारले. आमच्याकडचे प्रश्न मी इथल्यासाठी बदलून घेतले होते. बोडीच्या जागी बावखल, धानाच्या जागी केळ. प्रणव नावाचा सातवीतला चुणचुणीत मुलगा समोर बसला. विचारलं, "उन्हाळ्यात काही विहिरींचं पाणी खारट का लागतं?"

"प्रदूषण," तो म्हणाला.

"केळीच्या पानांच्या कडा का करपतात?"

"प्रदूषण. आणि ग्लोबल वॉर्मिंग."

त्याच्या मागून जेसिका आली. तिनं त्यात "झाडे लावा" एवढी भर घातली. मग पाचवीतली रिया. ही तर ओठ न हलवता बोलायची. बेडूक कमी का झाले, प्रदूषण. पानवेल का वाळली, प्रदूषण. तिला मी शेवटी सोपं म्हणून विचारलं, "सुकेळं इतके दिवस टिकतं, ते कसं काय?" तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "प्रदूषण नसल्यामुळे."

मी हसू दाबलं, पण संध्याकाळी वही उघडली तेव्हा रडूच यायला लागलं. मुलं खोटं बोलत नव्हती. कुठल्याही प्रश्नाला जे उत्तर दिलं की मोठी माणसं मान डोलावतात, ते त्यांनी मला दिलं होतं. यावरून त्यांना काय कळतं, हे मला कसं कळणार?

टीचर म्हणाल्या, "वर्ग सोड. वाडीत बसव त्यांना."

तिसऱ्या दिवशी बावखलाच्या काठी चटई टाकली. जेसिकाला विचारलं, "पानवेल कुठे लावायची, हे तुमच्याकडे कसं ठरवतात?"

जेसिकानं तोंड उघडायच्या आत केळीमागून आवाज आला, "गोड्या पान्याच्या अंगाला!"

पास्कल आजोबा. मी म्हटलं, "आजोबा, तिला सांगू द्या ना जी."

"हां हां, सांगू दे." पुढच्या प्रश्नाला पुन्हा आजोबा. त्यांना कसंबसं ओट्यावर बसवलं तर कुंपणापलीकडून शेजारच्या काकू मिरच्या तोडता तोडता उत्तर देऊन गेल्या. रस्त्यावरून सायकलवर चाललेले एक गृहस्थ पाय टेकून थांबले, प्रश्न काय आहे ते विचारून घेतलं, उत्तर दिलं आणि पुढे गेले. मला कळेना, हसावं की हात जोडावेत. आजोबा म्हणाले, "पाहुण्यासमोर पोर अडकलेलं बघवत नाय गं. आमच्यात तसं सोडत नाय."

ते खरंच होतं. त्या आळीत मुलाला पाहुण्यासमोर अडकू देणं म्हणजे पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं होतं. माणसं इतकी चांगली होती की त्यांच्या चांगुलपणानं माझी परीक्षा बुडत होती.

टीचरांनी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला स्कूटरवर घातलं. "चल, तोंड पाडून बसू नको. आगाशीला जाऊ." वाटेत निर्मळला थांबलो. देवळाच्या पायऱ्यांशी फुलांच्या पाट्या, वाडीतून नुकत्याच तोडलेल्या. फुलं विकणाऱ्या आजींनी माझ्या बोलण्यावरून "कुठली गं तू?" विचारलं आणि मी सांगितलेलं गाव त्यांना कळलं नाही तरी एक गजरा जास्त दिला. मी तो केसांत माळून स्कूटरवर बसले तशा टीचर म्हणाल्या, "आता जरा माणसात आलीस."

आगाशीच्या बाजारात मासे पाहिले आणि थांबलेच. विचारलं, "हे काय आहे जी?"

मासळीवाली म्हणाली, "बोंबील. तुमच्याकडं नाय?"

"आमच्याकडे बोडीतले मासे. गोड्या पाण्यातले."

"गोड्या पान्यातले? त्याला काय चव लागते?"

"आणि तुमच्या याला तर काटासुद्धा धड दिसत नाही," मी म्हटलं.

"आधी खाऊन ये, मग भांड माझ्याशी," ती म्हणाली आणि दोघी हसलो. ते बोंबील टीचरांनी रात्री तळले. भांडायचं कारण उरलं नाही.

आणि सुकेळी. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून उन्हात वाळत घालतात. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात, सकाळी पुन्हा बाहेर, असं करत करत ती आक्रसतात, मधासारखी काळपट होतात. मग केळीच्याच वाळक्या सोपटात (बुंध्याच्या सालीत) बांधतात. एक तोंडात टाकलं. गोड तर होतंच, पण असं चिवट की चघळणं संपेपर्यंत मला "छान" एवढंही म्हणता येईना. टीचर माझ्याकडे बघत राहिल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "आणखी एक पुडा द्या. आमच्या बाबांसाठी." मला म्हणाल्या, "तोंडाला काम लागेल त्यांच्या."

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला. "उद्या येते मी. मुलांबरोबर तुझं काम बघते आणि मग ठरवू." वहीत काय होतं माझ्या? पानोपानी प्रदूषण.

शनिवारी सकाळी टीचर मिस्सेला गेल्या (मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना). त्यांना स्वयंपाकातून तेवढीच सुटका, आणि आईचा शब्दही राहील, म्हणून मी डाळ रांधायला घेतली. नळाला पाणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला विहीर होती, तिचं काढलं. आमच्याकडे विहीर ती विहीर, पिण्याला तीच आणि रांधायला तीच. मनात दुसरा विचारही आला नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं तर वर पिवळं पाणी आणि तळाशी दाणे खड्यांसारखे. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आमच्या घरची डाळ, जी एरवी नुसत्या वाफेनं विरघळते! मॅडम तासाभरात येणार. मी कुकर उचलला आणि केळीच्या आळ्यात ओतायला निघाले.

दारात टीचर. त्यांनी डाव घेतला, एक दाणा दाताखाली धरला, मागच्या विहिरीकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसल्या.

"काय झालं टीचर? डाळीला काय झालं?"

"मला नको विचारू," त्या म्हणाल्या. "आणि फेकू तर मुळीच नको. ही अशीच पुढ्यात ठेव. पोरांना विचार."

"पण मलाच उत्तर माहीत नाही!"

"म्हणूनच."

मॅडम आल्या तेव्हा मुलं चटईवर बसली होती, मध्ये कुकर. टीचरांनी आजोबांच्या हातात एक मोठं सुकेळं दिलं. "बाबा, हे संपेपर्यंत बोलायचं नाही. शपथ आहे." कुंपणापलीकडच्या काकूंनाही एक पोचवलं. मी मॅडमकडे न बघता सांगून टाकलं, "मुलांनो, आज प्रश्न माझाच आहे. ही आमच्या घरची डाळ. गावी शिजते. इथे शिजली नाही. का, ते मला खरंच माहीत नाही."

जेसिका पुढे सरकली आणि तिनं दाणा चिमटीत दाबून पाहिला. "ताई, तुम्ही मस्करी नाही ना करत?"

"नाही गं. सकाळपासून रडायला आलंय."

आणि मग जी सुरुवात झाली! "मीठ आधी टाकलं असेल." नव्हतं टाकलं. "डाळ जुनी असेल." "गॅस संपत आला असेल." रिया हळूच म्हणाली, "प्रदूषण?" आणि सगळी वाडी हसली. रियाही हसली. आजोबा सुकेळं गालात धरून हातवारे करत होते, त्यांच्याकडे कोणी बघेना.

प्रणव म्हणाला, "पाणी कुठलं घेतलं ताई?" मी बोट दाखवलं. "ह्या विहिरीचं पाणी घरात कोणी घेत नाही, आम्ही फक्त पाय धुतो. पाण्यामुळे असेल."

"असेल म्हणजे?" मी विचारलं. "मला कसं पटावं?"

"शिजवून बघू. एक ह्या पाण्यात, एक बावखलाच्या."

"आणि एक मॅडमच्या बाटलीतल्या," जेसिका म्हणाली. मॅडमनी मुकाट्यानं बाटली काढून दिली.

आता वाद सुरू झाले. एक पातेलं स्टीलचं, एक जर्मनचं. जेसिका ऐकेना, तिन्ही सारखीच पाहिजेत. काकूंनी लग्नात आलेला संच कुंपणावरून दिला, तोंडात सुकेळं असल्यामुळे एकही शब्द न बोलता. डाळ एकाच वाटीनं, पाणीही एकाच वाटीनं. तीन चुली मांडायला निघाले तर प्रणव म्हणाला, वारा जिकडे जास्त लागेल तिकडची चूल जास्त पेटेल. म्हणून लग्नात खणतात तसा एकच लांब चर खणला, नारळाच्या झावळ्या आणि सोडणं (नारळाच्या वाळक्या साली) घालून पेटवला आणि तिन्ही पातेली ओळीनं ठेवली. मी काहीच करत नव्हते. फक्त विचारत होते, असं का, तसं का.

पाणी उकळायला लागलं आणि धुरातून एक बारीक आवाज आला. "आता जागा बदला."

रिया. मी विचारलं, "का गं?"

"त्या टोकाला जाळ जास्त आहे. मधलं पातेलं तिकडे ठेवा, तिकडचं इकडे. नाहीतर पाण्यामुळे शिजलं की जाळामुळे, ते कळणार कसं?"

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी रियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पातेली बदलली, बोटं भाजली, पण ते जेवायला बसल्यावर लक्षात आलं.

बाटलीतल्या पाण्याची डाळ मऊ झाली. बावखलाची त्याहून थोडी उशिरा, पण झाली. मागच्या विहिरीची, जागा बदलूनसुद्धा, तश्शीच. मुलांनी दाणे एकमेकांच्या तळहातावर दाबून पाहिले आणि असा गलका केला की माडावरचे कावळे उडाले.

"पण त्या पाण्यात आहे काय?" मी विचारलं.

जेसिका चूळ भरून आली. "खारट आहे थोडं. आणि ताई, पानवेल आधी त्याच विहिरीच्या बाजूची गेली. आता तिकडच्या केळींच्या कडापण करपल्यात. बावखलाजवळच्या बघा, हिरव्यागार." मागे गेलो, खरंच तसं होतं. समुद्राचं पाणी जमिनीखालून सरकत असेल, बावखलात पावसाचं गोडं पाणी मुरतं म्हणून ते तिकडे येत नसेल, असं ती बोलत गेली. प्रणवला पटलं नाही. म्हणाला, "तिकडे ऊन जास्त पडतं. उन्हानंपण कडा करपतात."

"मग?"

दोघं थोडा वेळ भांडले. मग ठरलं, की एकाच बुंध्याचे दोन मुनवे घ्यायचे, दोन्ही उन्हातच लावायचे, एकाला विहिरीचं पाणी घालायचं आणि एकाला बावखलाचं. कोण जिंकतं ते पावसाळ्याआधी कळेल. मुनवे लगेच लावले. प्रदूषण हा शब्द त्यानंतर कोणी काढला नाही.

इतक्यात पास्कल आजोबांनी शेवटचा घास गिळला. टीचर म्हणाल्या, "बोला बाबा आता. काय सांगायचं होतं मघापासून?"

आजोबांनी तोंड पुसलं. "मी सांगणार होतो, डाळ जुनी आहे."

हसून हसून काकू कुंपणावर ओणव्या झाल्या. आजोबाही हसले. "बरं झालं तोंडात सुकेळं होतं," म्हणाले.

जेवायला टीचरांनी फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव) आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. माझी शिजलेली डाळ सगळ्यांच्या वाट्याला चमचाभर आली. मॅडम हात धुताना म्हणाल्या, "सुषमा, उत्तर तुला ठाऊक होतं?"

"नाही जी."

"मला वाटलंच. पण आता ठाऊक झालं. मग पुढच्या गावी काय करशील?"

मी घाबरत म्हटलं, "तिथं मला जे कळत नसेल, ते विचारीन."

"विचार मग. पुढच्या महिन्यात डोंगरातल्या एका गावी जायचंय. छापील पेपर मी नेत नाही, तूच चल." एवढं बोलून त्या चप्पल घालायला वाकल्या, म्हणून माझे डोळे त्यांना दिसले नाहीत. टीचरांना दिसले. त्यांनी पदर पुढे केला.

निघताना आजोबांनी सुकेळ्यांचा पुडा दिला, "गाडीत कोणाशी फार बोलू नको." बसमध्ये तोच कंडक्टर होता. "चाललात का जी?" म्हणाला. मी खिडकीशी बसले. वाड्या मागे गेल्या, पुन्हा पाट्या आल्या, आणि इमारतींच्या मधूनही मी आता विहिरी शोधत होते.

घरी पोचले तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "डाळ आवडली का वो त्यायले?"

"चमचाभरच खाल्ली आई. पण सगळी आळी तिच्याभोवती बसली होती."

टीचर, हे तुमच्यासाठी. परवा तुमच्या फोनवरून जेसिकानं दोन्ही मुनव्यांचे फोटो पाठवले. बावखलाच्या मुनव्याला नवं पान आलंय, पण प्रणव अजून मानत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. मी तुमचं जे देणं लागते ते एक दिवस नक्की फेडीन. तुम्ही सुट्टीत आमच्याकडे या, आजोबांनाही आणा. बोडीच्या पाण्यात हीच डाळ शिजवून वाढीन. आणि नाहीच शिजली, तर आमची पोरं बसवीन तुमच्यापुढे, आणि मी तोंडात सुकेळं धरून गप्प बसेन.